तांब्याची तार आणि समतेचं मोजमाप : फ्रान्सच्या खेड्यातलं संथ इंटरनेट

आजचा विषय फलकावर वाचून दाराशीच एकांनी विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस. फ्रान्सच्या खेड्यात इंटरनेट हळू चालतं याच्याशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला तासभर लागेल, म्हणून तर व्याख्यान ठेवलंय. (हशा)

सुरुवात एका तारखेपासून करू. ३० जून २०१२. या दिवशी फ्रान्समध्ये मिनितेल ही सेवा कायमची बंद झाली. मिनितेल म्हणजे टेलिफोनच्या तारेला जोडलेलं एक खोकं, त्याला छोटा पडदा आणि कळफलक. इंटरनेट सामान्य माणसाच्या घरात शिरण्याच्या कितीतरी आधी फ्रेंच लोक त्यावर फोन नंबर शोधत, रेल्वेचं तिकीट काढत, बँकेतली शिल्लक बघत. शहरांतले लोक हे सगळं कधीच विसरून गेले होते. खेड्यात मात्र ते वापरणारे शेवटपर्यंत होते.

आम्ही त्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या मध्यभागी, क्रोझ जिल्ह्यातल्या एका वस्तीवर होतो. मुलगी-जावयांनी तिथं एक जुनं दगडी घर घेतलेलं. आठ घरं, एक पडकं चॅपल, बाकी कुरणं आणि जंगल. शेजारी सत्तरीचे एक शेतकरी, लिमूझीन जातीच्या तांबूस गाई पाळणारे. त्या देशात प्रत्येक वासराच्या जन्माची नोंद करावी लागते. कानात बिल्ला आणि प्रत्येक जनावराच्या नावाने स्वतंत्र पासपोर्ट. हे गृहस्थ ती नोंद मिनितेलवर करायचे. चार-पाच कळा दाबल्या की काम फत्ते. जुलै महिन्यात त्यांना सांगण्यात आलं की आता इंटरनेटवर करा. त्यांच्या घरी इंटरनेट होतं, नाही असं नाही. पण पान उघडायला घातलं की ते अर्धं यायचं आणि थांबायचं. पुन्हा पहिल्यापासून. एका रात्री अकरा वाजता ते आमच्या दारात आले, हातात वासराचा कागद घेऊन. आमच्याकडे चालतंय का बघायला. आमच्याकडे तरी कुठलं चालायला! तार तीच, खांब तेच.

दोन पिढ्यांपूर्वीच्या यंत्रावर जे काम दोन मिनिटांत होत होतं, ते 'प्रगत' यंत्रावर मध्यरात्रीपर्यंत होत नव्हतं. हे कसं झालं? आमच्या डोक्यात हा प्रश्न तेव्हापासून आहे आणि आज तोच आपल्यापुढे मांडायचा आहे.

आधी त्या तारेकडे बघू. राउटरच्या आतल्या पानावर एक आकडा दिसतो, क्षीणनाचा. संदेश एक्स्चेंजपासून घरापर्यंत येता येता किती दुबळा होतो, हे तो डेसिबलमध्ये सांगतो. आमचा आकडा होता ७२. टेलिफोन एक्स्चेंज पलीकडच्या गावात, तारेने मोजलं तर सात किलोमीटर. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, तार पक्ष्यासारखी सरळ उडत येत नाही. ती रस्त्याने वळणं घेत येते, ओढ्याला वळसा घालते. ०.६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत दर किलोमीटरला सुमारे १० डेसिबल गळती होते, ०.४ मिलिमीटरच्या बारीक तारेत सुमारे १५. दर तीन डेसिबलला ताकद निम्मी होते. म्हणजे ७२ डेसिबलवर चोवीस वेळा निम्मी. एक्स्चेंजमधून निघालेल्या शक्तीचा दीड कोटीवा हिस्सासुद्धा आमच्या दारी पोचत नव्हता. त्या उरलेल्या कुजबुजीतून यंत्र जे काही ओळखू शके, ते सेकंदाला ५१२ किलोबिट. उलट दिशेने, घरातून बाहेर, १२८. सातशे मेगाबाइटचा एखादा चित्रपट उतरवायला तीन तास. दहा मेगाबाइटचे फोटो नातेवाइकांना पाठवायचे तर दहा मिनिटांच्या वर, आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणी घरात काही उघडलं तर दोघांचंही बंद.

मग माणसं काय करतात? खटपटी. या खटपटींचं एक लोकशास्त्रच तिथं तयार झालं आहे. जुन्या फ्रेंच घरांत प्रत्येक खोलीत टेलिफोनची इंग्रजी 'टी'च्या आकाराची खुंटी असते, आणि पुष्कळ खुंट्यांच्या आत घंटीसाठी एक कपॅसिटर बसवलेला असतो. तो इंटरनेटच्या वरच्या लहरी खातो. तेव्हा पहिला उपाय, सगळ्या खुंट्या उघडून तो काढून टाकायचा. दुसरा उपाय, घरातली उरलेली सगळी वायरिंग तोडायची आणि बाहेरून तार जिथं आत येते तिथंच राउटर ठेवायचा. आमच्या जावयांनी तो माळ्यावर, तुळईला खिळा ठोकून टांगला होता. वेग थोडा वाढला खरा. पण मग शेजारच्या कुरणाचं विजेचं कुंपण आड आलं. गाई बाहेर जाऊ नयेत म्हणून त्या तारेत दर सेकंदाला एक झटका सोडतात. गवत तारेला टेकलं की त्याची टकटक टेलिफोनमध्ये ऐकू येते आणि राउटर बिचारा जोडणी सोडतो. पाऊस पडला की खांबावरच्या सांध्यात ओल शिरते, मग दोन दिवस काही नाही. जड कामं रात्री दोननंतर लावून झोपायचं, हा तर सगळ्यांचा शिरस्ता. कंपनीला फोन केला तर, कुठली कंपनी ते राहू द्या, पलीकडून एक आवाज शांतपणे सांगायचा की तुमची लाइन 'पात्र' आहे. पात्र! हा शब्द आम्हाला फार आवडला. पात्रता आहे, फक्त अन्न नाही.

उपग्रहाचा पर्याय होता. पण तो उपग्रह विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंच. प्रश्न वर जाऊन उत्तर खाली यायला अर्ध्या सेकंदाच्या वर लागायचं, आणि महिन्याचा कोटा ठरलेला. फोनवर बोलताना दोघंही एकदम बोलायला लागायचे आणि एकदम गप्प व्हायचे.

ही झाली व्यथा. आता इतिहास. ते एक्स्चेंज सात किलोमीटरवर का होतं? हा प्रश्न भूगोलाचा वाटतो, पण त्याचं उत्तर इतिहासात आहे.

फ्रान्सने दूरसंदेशाचं जाळं जगात सर्वांत आधी उभं केलं, हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं. साल १७९४. क्रांतीचा काळ, सीमेवर युद्ध. क्लोद शाप नावाच्या गृहस्थाने पॅरिस ते लील अशी सुमारे २३० किलोमीटरची मनोऱ्यांची रांग उभारली. प्रत्येक मनोऱ्यावर लाकडी हात. ते वेगवेगळ्या कोनांत फिरवायचे, पुढच्या मनोऱ्यावरचा माणूस दुर्बिणीतून बघून तसेच फिरवणार, मग त्याच्या पुढचा. त्या ऑगस्टमध्ये सीमेवरचे किल्ले परत घेतल्याची बातमी पॅरिसच्या सभागृहात त्याच दिवशी पोचली. पुढे हे जाळं पाच हजार किलोमीटरच्या आसपास आणि ५३४ मनोऱ्यांपर्यंत वाढलं. त्याचा नकाशा बघण्यासारखा आहे. पॅरिसमधून निघालेले आरे. लील, स्ट्रासबूर्ग, लिओं, बोर्दो, ब्रेस्त. आऱ्यांच्या मधे रिकामं.

मनोरे मात्र खेड्यांत होते. टेकडीवर, चर्चच्या घंटाघरावर. गावकरी रोज ते हात फिरताना बघायचे. त्यांच्या डोक्यावरून राज्याच्या बातम्या जात, पण त्यांतली एकही त्यांच्यासाठी नसे आणि एकही त्यांना पाठवता येत नसे. इतकंच काय, हात फिरवणाऱ्या नोकरालाही संकेताचा अर्थ माहीत नसायचा. अलेक्झांद्र द्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीत असा एक मनोरेवाला आहे. त्याला तारेपेक्षा आपल्या बागेत रस आहे आणि काउंट त्याला लाच देऊन खोटा संदेश पाठवायला लावतो. ही निव्वळ कल्पना नव्हती. बोर्दोच्या ब्लाँ बंधूंनी १८३४ ते १८३६ या काळात तूरच्या मनोऱ्यावरच्या माणसांना पैसे चारून सरकारी संदेशांत आपल्या खुणा घुसवल्या आणि पॅरिसच्या बाजारभावाची खबर इतरांच्या आधी मिळवली. खटला झाला तेव्हा लक्षात आलं की याला लागू होईल असा कायदाच नाही. १८३७ साली तो आला : दूरसंदेश हा राज्याचा मक्ता. आमच्या मते त्या कायद्याने पुढच्या दीडशे वर्षांची चौकट ठरवली. जाळं राज्याचं, केंद्र पॅरिस.

आता टेलिफोन. तो आधी खासगी कंपन्यांच्या हातात होता. १८८९ साली राज्याने ताब्यात घेतला. ताब्यात घेतला, पण तिजोरी उघडली नाही. मग पद्धत अशी पडली की ज्या गावाला किंवा जिल्ह्याला टेलिफोन हवा त्याने, नाहीतर तिथल्या व्यापारी मंडळाने, बांधकामाचा पैसा राज्याला आगाऊ द्यायचा. राज्य तो पुढे जमेल तसा फेडणार. म्हणजे मालकी पॅरिसची, भांडवल गावाचं. श्रीमंत गावांना टेलिफोन आला. ज्यांच्याकडे आगाऊ द्यायला काही नव्हतं ती थांबली. ही गोष्ट मनात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रेंच टेलिफोन हा चेष्टेचा विषय होऊन बसला. फेर्नां रेनो या विनोदी नटाचं १९५५ चं एक प्रहसन आहे. पॅरिसच्या पोस्टातून एका माणसाला शेजारच्याच आस्निएरला फोन लावायचा असतो, तो काही लागत नाही. अमेरिकनाला मात्र न्यूयॉर्क लगेच मिळतं. शेवटी हा बिचारा न्यूयॉर्क मागतो आणि तिथून आस्निएर जोडून घेतो. लोक म्हणायचे, निम्मा फ्रान्स टेलिफोनची वाट पाहतोय आणि उरलेला निम्मा टेलिफोन उचलून डायल टोनची. आपल्यातल्या ज्येष्ठांना हे सांगायची गरज नाही; ज्यांनी पत्रिकेवर शेजाऱ्यांचा पी.पी. नंबर छापलाय त्यांना सगळं समजतं. (हशा)

सत्तरीच्या दशकात मात्र चमत्कार झाला. हा शब्द आम्ही जपून वापरतोय. राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ, दूरसंचार खात्याचे प्रमुख जेरार तेरी. घरोघर टेलिफोन द्यायचाच असा कार्यक्रम आखला गेला. दशकाच्या मध्याला सुमारे ७० लाख लाइनी होत्या, त्या १९८२-८३ च्या सुमारास दोन कोटींवर गेल्या. खेड्यातल्या हाताने जोडणी करणाऱ्या टेलिफोन-बाया निवृत्त झाल्या, स्वयंचलित एक्स्चेंजं आली. क्रोझच्या आमच्या वस्तीवरची तार याच काळातली, शेजाऱ्यांना ती टाकल्याचं आठवत होतं. खड्डे कोणी खणले, खांब कुठल्या जंगलातले, सगळं.

आणि इथंच त्या सात किलोमीटरचं उत्तर आहे. माणसाचा आवाज तारेतून जायला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा लागतो. एवढ्या खालच्या लहरी तांब्यात फारशा गळत नाहीत. तेव्हा अभियंत्यांनी हिशेब केला : विरळ वस्तीच्या पठारावर दर गावाला एक्स्चेंज कशाला? चार-पाच गावांत एक पुरे. लांबच्या घरांना तार जरा जाड टाकली की झालं. हिशेब अगदी बरोबर होता. एक्स्चेंजच्या दारातल्या दुकानदाराला आणि सात किलोमीटरवरच्या शेतकऱ्याला सारखाच आवाज ऐकू येत होता, महिन्याचं भाडंही सारखं. तारेची लांबी दोघांच्याही आयुष्यात कुठेच दिसत नव्हती. फ्रेंच प्रजासत्ताकाने 'समता' हा शब्द शाळांच्या कमानींवर कोरलेला आहे; टेलिफोनच्या तारेत तो खरोखर उतरला होता.

मिनितेलही याच समतेचा वारस. १९७८ साली सिमों नोरा आणि आलँ मँक यांनी सरकारला समाजाच्या संगणकीकरणावर एक अहवाल दिला, तो खूप गाजला. त्या वातावरणात मिनितेल आलं. १९८० पासून चाचण्या, मग देशभर. यंत्र फुकट वाटलं. पुढे ही संख्या साठ लाखांच्या वर गेली. आता त्याचा वेग ऐका. घराकडे येणारा सेकंदाला १२०० बिट, घरातून जाणारा ७५. हसू नका. हा वेग पॅरिसच्या सोळाव्या विभागातल्या मंत्र्याला जेवढा, तेवढाच क्रोझच्या गोठ्यात. पैसे मिनिटांवर, अंतरावर नाहीत. मिनितेल संथ होतं, पण सगळ्यांना सारखंच संथ होतं. त्यामुळे त्याची सगळी पानं त्या संथपणाला धरूनच रचलेली असत. वासराची नोंद चार कळांत होई, ती यामुळे.

आमचा मुद्दा आता सांगतो. एका तंत्रात न्याय्य असलेली वाटणी, तंत्र बदलताच, कोणी काहीही वाईट न करता, अन्याय्य होऊ शकते. एडीएसएल आलं, फ्रान्समध्ये ते १९९९ पासून विक्रीला आलं, तेव्हा त्याच तांब्यातून आवाजाच्या कितीतरी वरच्या, दहा लाख हर्ट्झपर्यंतच्या लहरी पाठवायला सुरुवात झाली. या लहरी अंतराला भितात. एक्स्चेंजपासून दोन किलोमीटरपर्यंत उत्तम, चारला बरं, सहाच्या पुढे आमच्यासारखं. एका रात्रीत तारेची लांबी जागी झाली. पंचवीस वर्षं जी गोष्ट कोणाच्या खिजगणतीत नव्हती, ती घराच्या किमतीत दिसू लागली. घर बघायला येणारे लोक छप्पर गळतं का ते विचारायच्या आधी डेसिबल विचारू लागले.

त्यातून काही घरांच्या नशिबी आणखी वेगळं. सत्तरीच्या घाईत तांबं वाचवायला एकाच जोडीवर अनेक ग्राहक बसवणारी यंत्रं लावली होती. आवाजाला ती चालत. एडीएसएल त्यांच्यातून जातच नाही. अशी घरं एक्स्चेंजच्या जवळ असूनही अडकली.

किमतीचं बघा. २००२ साली एका नव्या कंपनीने महिना ३० युरोला एक पैसा कमी असा दर काढला, आणि तो पुढे देशाचा दरच होऊन बसला. त्या ३० युरोत शहरात सेकंदाला वीस मेगाबिट मिळत, आमच्या वस्तीवर अर्धा. चाळीसपट कमी, दाम तोच. उलट, लांबच्या एक्स्चेंजमध्ये स्वतःची यंत्रं बसवणं परवडत नाही म्हणून काही कंपन्या तिथल्या ग्राहकांकडून वर आणखी काही युरो घेत. अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात न्यायाचे दोन हिशेब सांगितले आहेत, एक सारख्यास सारखं देण्याचा, दुसरा प्रमाणात देण्याचा. इथं दोन्ही बसत नाहीत. सारखं घ्यायचं आणि लांबीच्या प्रमाणात कमी द्यायचं, हा तिसराच हिशेब.

कायद्याने काय केलं? १ जानेवारी १९९८ ला टेलिफोनचा मक्ता संपला. त्याआधी, १९९६ च्या कायद्याने 'सार्वत्रिक सेवा' ठरवून दिली : प्रत्येकाला टेलिफोन मिळालाच पाहिजे. हक्क टेलिफोनचा, ब्रॉडबँड त्यात आलं नाही. फिनलंडने २०१० साली एक मेगाबिट हा नागरिकाचा हक्क ठरवला. फ्रान्सने तेव्हा असा आकडा कायद्यात घातला नाही. आणि गंमत बघा, त्याच्या आदल्याच वर्षी, १० जून २००९ ला, फ्रान्सच्या घटना परिषदेने एक ऐतिहासिक निर्णय दिला होता. फुकट गाणी उतरवणाऱ्यांचं इंटरनेट प्रशासनाने तोडावं असा कायदा आला होता. परिषद म्हणाली, १७८९ च्या जाहीरनाम्याच्या अकराव्या कलमात विचारांच्या मुक्त देवाणघेवाणीचा हक्क आहे, आणि आजच्या काळात इंटरनेट वापरण्याचं स्वातंत्र्य त्यात येतं. ते तोडायचं तर न्यायाधीशच हवा. सुंदर निर्णय. आम्ही वर्गात शिकवलाही. पण तो 'तोडू नका' असं सांगतो, 'जोडून द्या' असं सांगत नाही. ज्याची तार ७२ डेसिबलवर आहे त्याची जोडणी कोणी तोडलेली नाही. त्याच्याविरुद्ध कोणी काहीच केलेलं नाही. म्हणूनच त्याला दाद मागायला दार नाही.

दरम्यान राज्याची खिडकी बंद होत होती. प्राप्तिकराचं विवरण इंटरनेटवरूनच भरायचं, हा नियम २०१६ पासून उत्पन्नाच्या पायऱ्यांनी खाली आणत २०१९ पर्यंत सगळ्यांना लावला. ज्यांना इंटरनेट नाही त्यांना कागदाची सवलत होती, हे सांगायला हवं. शेतीचं युरोपीय अनुदान इंटरनेटवर, मुलांचे विद्यापीठ प्रवेश इंटरनेटवर. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या नागरी हक्करक्षकाने यावर अहवालच काढला आणि बजावलं की कागद संपवताना माणसं मागे पडताहेत. खेड्यातलं पोस्ट आठवड्यातून तीन सकाळी उघडं, करकचेरी शहरात गेलेली. पूर्वी तार हळू असली तर खिडकीवर जाता येत होतं.

वाचवायला कोण आलं? इथं ती १८८९ ची गोष्ट पुन्हा येते. २००४ साली कायदा बदलून जिल्ह्यांना आणि गावांना स्वतःचं जाळं बांधायची आणि चालवायची मुभा मिळाली. म्हणजे पुन्हा, भांडवल गावाचं. काहींनी गावाच्या चौकात छोटं एक्स्चेंज बसवून तार आखूड केली. सात किलोमीटरची दोन झाली की वेग दसपट. काहींनी चर्चच्या घंटाघरावर अँटेना लावून वाय-फाय फिरवलं. दोनशे वर्षांनी घंटाघर पुन्हा संदेशाच्या कामाला लागलं! तुलूझच्या आसपास सभासदांनी मिळून चालवलेल्या, नफा न घेणाऱ्या मंडळ्या आहेत. एकमेकांच्या छपरांवर चढून अँटेना बसवतात. एँ जिल्ह्यात तर गावांच्या वीज-मंडळाने फार लवकर, देशाची योजना येण्याच्या आधीच, थेट घरापर्यंत फायबर टाकायला घेतलं. आर्देश आणि द्रोम जिल्ह्यांनी मिळून मंडळ काढलं.

देशाची योजना आली २०१३ साली, फेब्रुवारीत. दहा वर्षं, वीस अब्ज युरो. दाट शहरांत आणि मध्यम गावांत खासगी कंपन्या आपल्या पैशाने टाकणार. उरलेल्या भागात, म्हणजे देशाचा बहुतेक भूभाग पण निम्म्याहून कमी लोकसंख्या, जिल्हे टाकणार, राज्य मदत करणार. एक कडू योगायोग सांगतो. ते सत्तरीचे जेरार तेरी आठवतात ना? त्यांनीच १९९४ साली सरकारला अहवाल दिला होता की २०१५ पर्यंत प्रत्येक घरात फायबर न्या. त्याच अहवालात इंटरनेट हे व्यापारी सेवांना फारसं योग्य नाही असंही म्हटलं होतं, म्हणून तो आज हसण्यावारी नेतात. एका वाक्यावर हसून बाकीचं बाजूला ठेवलं गेलं. तारेच्या बाबतीत म्हातारा बरोबर होता.

फायबर काय करतं ते ७२ च्या शेजारी ठेवून बघा. काचेच्या तंतूत एका किलोमीटरला गळती साधारण ०.३५ डेसिबल. सात किलोमीटरला अडीच. वीस किलोमीटरपर्यंत सहज जातं. १७९४ पासून पहिल्यांदाच खेड्याचं अंतर खरोखर नाहीसं होतं, आवाजापुरतं नाही. म्हणून आम्हाला फायबरचं कौतुक आहे, आणि ते लपवायचं कारण नाही.

पण शेवटचा टप्पा. घरं जोडायचं काम कंपनीकडून कंत्राटदाराला, त्याच्याकडून उपकंत्राटदाराला, त्याच्याकडून आणखी कुणाला. नव्या माणसाला जोडताना जुन्याची तार उपटली गेल्याच्या तक्रारींनी देश भरला. चौकातल्या पेट्या उघडल्या की आत शेवयांचा गुंता, तिथले लोकही त्याला नूडल्सचं ताटच म्हणतात. उपग्रहही आता खालून फिरणारे आले, त्यांना तो अर्धा सेकंद लागत नाही. त्यांतल्या स्टारलिंकच्या परवान्याची कथा मजेची. २०२१ मध्ये दिला, एप्रिल २०२२ मध्ये लोकांना विचारलं नाही म्हणून सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रद्द केला, जूनमध्ये पुन्हा दिला. मांश जिल्ह्यातल्या सँ-सनिए-द-बव्रों या लहानशा गावाने तर आपल्या शिवारात त्या कंपनीचं जमिनीवरचं केंद्र नको म्हणून विरोध केला. गाई आहेत, माणसं आहेत, आधी नीट सांगा, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि तांबं आता काढून घेणार आहेत. २०३० पर्यंत सगळं बंद. पॅरिसजवळच्या लेव्ही-सँ-नों या गावात २०२१ मध्येच पहिला प्रयोग झाला.

आमच्या वस्तीवर फायबर खांबांवर येऊन वर्षभर नुसतंच लोंबत होतं. घरांवरून पुढे गेलेलं, घरात न आलेलं. मुलगी फोटो पाठवायची. मग जोडणी सुरू झाली तेव्हा शेजाऱ्यांना कळलं की रस्त्यापासून घरापर्यंतची जमीन त्यांची, तेव्हा तिथली नळी टाकायचा खर्चही त्यांचा. रस्त्यापासून त्यांचं घर १८० मीटर. कंत्राटदाराने जो आकडा सांगितला तो ऐकून त्यांनी त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. नंतर पुतण्याला बोलावलं, ट्रॅक्टरला खणायचा नांगर लावला आणि एका शनिवारी चर स्वतः खणला. आमचे जावई नळी धरायला होते. माती लोटताना सत्तरीतल्या टेलिफोनच्या तारेचा एक तुकडा निघाला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

आता वासराची नोंद मिनिटाच्या आत होते म्हणतात. मिनितेलचं खोकं त्यांनी टाकलेलं नाही. ते गोठ्याशेजारच्या खोलीत फळीवर आहे आणि त्याच्यावर कानातल्या बिल्ल्यांचा डबा ठेवलेला असतो.

इथं थांबतो. मागच्या रांगेतून मघाशी एक हात वर आला होता, तो प्रश्न आधी घेऊ.